छप्पर हाच परवाना

मद्यपान या विषयावर मराठी भाषेत उपदेश पुष्कळ झाला आहे. कीर्तने झाली, नाटके झाली, मोर्चे निघाले, निरोधने झाली, आणि त्या सर्वांच्या मागोमाग कायदेही झाले. परंतु मनुष्याने मद्य प्यावे की पिऊ नये, आणि प्यालाच तर किती प्यावे, या दोन प्रश्नांचा खल होत असता त्यांच्याच पोटात दडलेला जो तिसरा प्रश्न, की त्याने ते कोठे बसून प्यावे, त्याची स्वतंत्र चिकित्सा आपल्याकडे क्वचितच झाली; तो प्रश्न सुटलेलाच आहे असे धरून चालण्याची विधिमंडळापासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सर्वत्र वहिवाट पडली. रस्त्यावर, मैदानात, बागेत, नदीच्या घाटावर किंवा समुद्राच्या वाळूत बसून पिणे हे गैरच, त्यास मनाई असलीच पाहिजे, असे ज्यांचा दारूबंदीवर काडीइतका विश्वास नाही ती मंडळीही निःशंकपणे म्हणतात. प्रस्तुत पुस्तिका या समजुतीचा प्रतिवाद करण्यासाठी लिहिली आहे. सार्वजनिक स्थळी कोणी कोणाची वाट अडवली, शिवीगाळ केली, छेड काढली, बाटली फोडली, नशेत वाहन हाकले, तर त्या कृत्याबद्दल त्यास अवश्य शासन व्हावे. परंतु केवळ उघड्यावर मद्य प्राशन केले एवढ्याच कारणास्तव कोणासही पकडू नये, दंड करू नये आणि कोठडी दाखवू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे.

हे म्हणणे परके किंवा अभूतपूर्व आहे असे कोणी समजू नये. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेचे ५१० वे कलम ज्यांनी वाचले असेल त्यांस ठाऊक असेल की, त्या संहितेने उघड्यावर पिणे हा गुन्हा मानलाच नव्हता. नशेच्या अवस्थेत सार्वजनिक स्थळी येऊन जो इसम दुसऱ्या कोणास त्रास होईल असे वर्तन करील, त्यास चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, इतकीच त्या कलमाची व्याप्ती. कलमाचा सारा भार त्रासावर आहे, आणि त्रास ज्यास झाला असा कोणी दुसरा मनुष्य असावा लागतो, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. राज्यकर्ते परके होते, त्यांना येथील प्रजेच्या स्वातंत्र्याचा कळवळा होता असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि गुन्हा म्हणजे कोणाचे तरी काही बिघडणे, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व निदान या कलमात त्यांनी सोडले नाही. २०२३ सालच्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३५५ क्रमांकाने आले. दंडाची मर्यादा एक हजार रुपयांवर गेली, समाजसेवेची शिक्षा नव्याने जोडली गेली, पण त्रासाची अट कायम राहिली. म्हणजे देशाचा सर्वसाधारण फौजदारी कायदा आज दीडशेहून अधिक वर्षे ज्या बाजूस उभा आहे, त्याच बाजूने ही पुस्तिका बोलते आहे.

मग मनाई आली कोठून? आपल्या प्रांतापुरते बोलायचे तर ती दारूबंदीच्या वाटेने आली. १९३७ साली अधिकारारूढ झालेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात आबकारी खाते डॉक्टर गिल्डर यांच्याकडे होते, आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, आणि पुढल्याच वर्षी इलाखाभर संपूर्ण दारूबंदी अंमलात आली. या कायद्यामागील हेतूच्या शुद्धतेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाबाहेर उभी राहून नवऱ्याची वाट पाहणारी, आणि तो आधी गुत्त्याकडे वळला म्हणजे रित्या हाताने खोलीवर परतणारी बाई ज्या पिढीने डोळ्यांनी पाहिली, त्या पिढीने हा कायदा केला. परंतु पुढे काळ पालटला, साठच्या दशकात सरकारने धोरण सैल केले, परवाने मुबलक झाले, देशी दारूची दुकाने रीतसर लिलावात निघाली, आबकारीचे उत्पन्न खजिन्याचा आधारस्तंभ बनले. आणि बंदीची इमारत अशी आतून रिकामी होत गेली तरी तिचे कुंपण तेवढे जागच्या जागी राहिले. आज महाराष्ट्रात पाच रुपये भरून एका दिवसाचा विदेशी मद्याचा आणि दोन रुपये भरून देशी मद्याचा परवाना मिळतो. शंभर रुपयांत वर्षाचा आणि हजार रुपयांत तहहयात मिळतो. एकवीस वर्षांच्या मनुष्यास बिअर आणि वाइन, पंचवीस वर्षांच्या मनुष्यास सर्व प्रकारचे मद्य बाळगण्याची व पिण्याची सरकार मान्यता देते. तेव्हा मद्य पिणे हे आता राज्याच्या दृष्टीने पातक राहिलेले नाही, हे मानण्यावाचून गत्यंतर नाही. उरला तो प्रश्न जागेचा.

१९४९ च्या कायद्याचे ८५ वे कलम या दृष्टीने मुद्दाम पाहावे. रस्ता, हमरस्ता, सार्वजनिक स्थळ किंवा जेथे लोकांस जाण्याची मुभा आहे अशी कोणतीही जागा येथे तीन प्रकारचे इसम गुन्हेगार ठरतात : जो नशेमुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे तो, जो नशेच्या अंमलाखाली बेशिस्त वर्तन करतो तो, आणि जो नशेत आढळला पण ज्याच्यापाशी परवाना नाही व परवाना मिळण्याची पात्रताही नाही तो. पहिल्या प्रकारात मनुष्याचा जीव धोक्यात असतो, दुसऱ्यात इतरांस उपसर्ग पोचतो. दोहोंस काही तरी तर्कशुद्ध आधार आहे. तिसऱ्या प्रकाराचे मात्र समर्थन करणे मला इतक्या वर्षांच्या वकिलीत जमलेले नाही. दोन मित्र एकाच बाकावर, सारख्याच प्रमाणात पिऊन, सारखेच शांत बसलेले आहेत. एकाच्या खिशात कागद आहे आणि दुसरा त्या कागदास पात्र नाही, एवढ्या फरकाने एक घरी जातो आणि दुसरा चौकीवर. त्यातही याच कलमात असे गृहीतक घातले आहे की, उलट सिद्ध होईपर्यंत आरोपी नशेकरिताच प्याला, औषध म्हणून नव्हे, असे न्यायालयाने धरून चालावे. पुराव्याचा भार ज्याच्या शिरावर टाकला, तो बहुधा सही करण्याऐवजी अंगठा उठवणारा मनुष्य असतो.

वकिलीच्या उमेदीच्या काळात शहरातील एका दंडाधिकारी न्यायालयात मी असली प्रकरणे रोज पाहत असे, आणि या पुस्तिकेचे मूळ खरे म्हणजे तेथे आहे. आदल्या रात्री ठिकठिकाणी धरलेली माणसे सकाळी एका दोरीने ओवल्यासारखी व्हरांड्यात उकिडवी बसलेली असत. कोणाच्या हातावर चुन्याचा थर, कोणाच्या सदऱ्यावर ऑइलचे डाग, कोणाच्या पायांत चप्पल एकच, दुसरी पकडापकडीत राहिलेली. पुकारा झाला की एकेकाने पुढे व्हावे, शिरस्तेदाराने कलम वाचावे, आरोपीने ‘कबूल’ म्हणावे, दंड भरावा आणि पावती घेऊन बाहेर पडावे. नाकबूल म्हणणाऱ्यास पुढली तारीख मिळे, आणि पुढली तारीख म्हणजे आणखी एक रोज बुडणे, म्हणून नाकबूल कोणी म्हणतच नसे. दप्तरात वैद्यकीय दाखला जोडलेला असे. त्या दाखल्याची भाषा मला अद्यापि मुखोद्गत आहे : श्वासास मद्याचा वास येतो, चाल स्थिर, बोलणे सुसंगत, डोळ्यांच्या बाहुल्या प्राकृत, आणि तळाशी डॉक्टरांचा अभिप्राय, ‘मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही’. ज्या मनुष्याची चाल स्थिर आहे, बोलणे सुसंगत आहे आणि जो अंमलाखाली नाही असे सरकारी डॉक्टर लिहून देतो, त्या मनुष्याने रात्र कोठडीत का काढली, हा प्रश्न त्या दाखल्यातच स्पष्ट अक्षरांनी विचारलेला असे. तो मोठ्याने वाचण्यास त्या गर्दीत कोणास सवड नव्हती.

या रांगेत मी मिलमजूर पाहिले, हमाल पाहिले, रंगारी, गवंडी, टॅक्सीवाले, नाक्यावर उभे राहून रोजंदारी शोधणारे पाहिले. ज्याच्या घरात दिवाणखाना आहे असा मनुष्य तेथे पाहिल्याचे मला आठवत नाही. दिवाणखानेवाले पीत नाहीत असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. त्यांना प्यायला जागा आहे, इतकाच भेद. मुंबईत १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या बी.डी.डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. त्या खोलीत चूल, मोरी, म्हातारी आई, दोन पोरे, अभ्यासाला बसलेली मुलगी, आणि पूर्वीच्या काळी वर दोन-तीन गाववाले. गावाकडून आलेल्या गाळेकऱ्यांची स्थिती याहून बिकट. पाळीपाळीने झोपण्याची जेथे सोय, तेथे बसण्याची कोठून असणार? आजचा बांधकाम मजूर तर ज्या इमारतीचे मजले चढवतो तिच्याच पायथ्याशी पत्र्याच्या शेडमध्ये राहतो. अशा मनुष्यास संध्याकाळी दोन घटका मित्रांबरोबर बसावेसे वाटले, तर मैदानाचा कोपरा, पुलाखालची सावली, बंद दुकानाची पायरी, बंदरावरचा कठडा, यांखेरीज त्याचा दिवाणखाना कोणता? परमिट रूममध्ये बसावे तर तीच बाटली दामदुपटीने. बिअर शॉपीत विकत घ्यावी तर तेथे बसून पिण्यास मनाई. म्हणजे सरकारच्या परवान्याने उघडलेल्या दुकानातून, सरकारला कर भरून, सरकारने ठरवलेल्या वयाच्या मनुष्याने जी वस्तू विकत घेतली, तिचे बूच त्याने उघडायचे कोठे, यास कायद्यापाशी एकच उत्तर आहे : आपल्या घरी. ज्यास घर नाही, किंवा ज्याचे घर म्हणजे आठ माणसांची एक खोली आहे, त्याच्यासाठी कायद्यापाशी उत्तर नाही.

आता याच शहरात मैदानांच्या कडेला जिमखाने आहेत. त्यांच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकून सभासद मंडळी सूर्यास्ताच्या सुमारास मद्य घेत बसतात. समोर मैदान, मैदानावर खेळणारी मुले, मध्ये हातभर उंचीचे कुंपण. हा देखावा रस्त्यावरून कोणासही दिसतो, आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण कुंपणाच्या अलीकडे गवतावर बसलेल्या माळ्याने तेच केले तर त्याच मुलांवर वाईट संस्कार होतात, असे जेव्हा सांगण्यात येते तेव्हा संस्काराची ही उपपत्ती मला मान्य करता येत नाही. मुलांच्या डोळ्यांस जे दिसते ते दोन्हीकडे सारखेच आहे.

सवलतींचा हा इतिहास पुष्कळ जुना आहे. १९४९ च्या मूळ कायद्यातच लष्कराच्या मेससाठी आणि परदेशी पाहुण्यांसाठी निराळी वाट ठेवलेली होती. तिच्या वैधतेचा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९५१ च्या बलसारा खटल्यात कायद्याची काही कलमे रद्द होऊनही या सवलती वाजवी वर्गीकरण म्हणून टिकल्या. निकालाच्या कायदेशीर बाजूचा ऊहापोह दुसऱ्या प्रकरणात केला आहे. येथे एवढेच नमूद करतो की, मद्यविषयक कायद्याने आपल्याकडे प्रारंभापासून पेल्याकडे पाहण्याऐवजी पेला धरणाऱ्याच्या दर्जाकडे पाहिले आहे.

दारूच्या विरोधात ज्यांनी आयुष्य वेचले त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असता १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. १९०८ साली टिळकांनी पुण्यात दारूच्या दुकानांवरील निरोधनास बळ दिले. गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेऊन व्यसनाविरुद्ध लोकांस जागे केले. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील बायांनी दारूबंदीसाठी जी चळवळ केली तिच्यातील वेदना कोणीही नाकारू शकत नाही. परंतु या सर्वांचा रोख कशावर होता ते पाहावे. फुल्यांचा रोख दुकानांच्या संख्येवर, म्हणजे विक्रीने खजिना भरणाऱ्या सरकारवर होता. ज्या गावात वा प्रभागात निम्म्याहून अधिक मतदार ‘आडव्या बाटली’स कौल देतात तेथील दुकान बंद होते, ही महाराष्ट्राची तरतूदही दुकानासंबंधीच आहे. दुकान बंद करण्याचा गावाचा हक्क मी मान्य करतो, कारण त्यात भार विक्रेत्यावर आणि सरकारी महसुलावर पडतो. उघड्यावर पिणाऱ्यास पकडण्याच्या कायद्याचे मात्र अगदी उलट आहे : दुकान चालू राहते, महसूल चालू राहतो, आणि गिऱ्हाईक तेवढे हाकलले जाते.

हाकलले जाते ते कोठे, हा या पुस्तिकेतील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक ज्यांनी पाहिले त्यांच्या मनावरील त्याचा ठसा जन्मभर जात नाही. गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिनाभरात, १९१९ साली, ते रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्रातील मद्यविरोधी भावनेस त्याने जितके बळ दिले तितके क्वचितच कोणत्या व्याख्यानाने दिले असेल. त्या नाटकातील अनर्थ घडतो कोठे? नायक सुधाकर बिघडतो तो मित्रमंडळींच्या बैठकीत. आणि त्याची पत्नी सिंधू हिच्यावर व तिच्या तान्ह्या बाळावर जो प्रहार होतो तो घराच्या चार भिंतींआड होतो. रस्त्यावर पिण्यास मनाई करणारे कलम त्या नाटकाच्या पाचही अंकांत कोणास वाचवू शकले नसते. नाटकाची गोष्ट राहू द्या. ज्या बायांच्या फिर्यादी मी स्वतः लिहून घेतल्या त्यांतही मारहाण झाली होती ती खोलीतच, दाराची कडी आतून लावलेली असता. नवरा मैदानात पिऊन तास-दोन तासांनी घरी येतो, तेव्हा निदान तो तास-दोन तास मुलगी अभ्यास करते, आणि कधी कधी तो येतो तोवर उतरलेलीही असते. मैदानातून त्यास हुसकावले म्हणजे तो बाटली घेऊन त्या १६० चौरस फुटांत येतो. व्यसन तेवढेच राहते. त्याचा साक्षीदार मात्र रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या जागी घरातली बायको-मुले होतात. सार्वजनिक सभ्यतेच्या नावाने केलेल्या कायद्याने घरातील दुर्बळांच्या अंगावर हे ओझे टाकावे, याची मला खरोखर चीड येते.

अन्य देशांचा अनुभव तिसऱ्या प्रकरणात सविस्तर दिला आहे. न्यूयॉर्क शहराने १९७९ साली रस्त्यावर उघडी बाटली बाळगण्यास मनाई केली, आणि दुपारच्या जेवणाबरोबर बिअर घेणाऱ्या कामगारास समन्स देण्यात येणार नाही असे आश्वासन त्यावेळी नगरसभेतून मिळाले. २०१२ साली ब्रुकलिनमधील एका न्यायाधीशाने आपल्यापुढे येणाऱ्या समन्सांची महिन्याभराची तपासणी करविली, तेव्हा पंच्याऐंशी टक्के समन्से कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या लोकांस आणि अवघी चार टक्के गोऱ्यांस दिलेली आढळली. त्या उपनगरात गोऱ्यांची वस्ती एक-तृतीयांशाहून अधिक होती. आश्वासनात अप्रामाणिकपणा होता असे मी म्हणत नाही. पण ज्या कायद्याचा भंग हजारो लोक उघडपणे करतात त्याची अंमलबजावणी निवडूनच होणार, आणि निवड करणारा शिपाई ज्याच्यापाशी वशिला नाही, वकील नाही, इंग्रजी नाही, त्यालाच निवडणार, हे जगात सर्वत्र सारखे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६८ साली सार्वजनिक मद्यधुंदतेबद्दल झालेल्या शिक्षेचा एक खटला आला असता पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने शिक्षा कायम झाली. परंतु बहुमतास मिळालेल्या न्यायमूर्ती व्हाइट यांनीही आपल्या स्वतंत्र निकालपत्रात असा विचार मांडला की, ज्या बेघर व्यसनग्रस्तास रस्त्याखेरीज दुसरी जागाच नाही त्याच्या बाबतीत सार्वजनिक स्थळ टाळणे अशक्य असू शकते.

ऑस्ट्रेलियाची कथा अधिक दुःखद आहे. तेथील नॉर्दर्न टेरिटरीत १९८३ साली परवानाधारक मद्यालयापासून दोन किलोमीटरच्या आत सार्वजनिक जागी पिण्यास मनाई झाली. आदिवासींखेरीज दुसऱ्या कोणास तिचा फारसा उपसर्ग पोचण्याचे कारण नव्हते, कारण उघड्यावर बसून पिणारे बहुशः तेच होते. कोठडीतील आदिवासींच्या नव्व्याण्णव मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ साली सार्वजनिक मद्यधुंदता हा गुन्हाच रद्द करावा अशी शिफारस केली. व्हिक्टोरिया राज्याने ती अंमलात आणली नोव्हेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात, डिसेंबर २०१७ मध्ये, त्या राज्यातील एक आदिवासी स्त्री आगगाडीत झोपी गेली म्हणून तिला उतरवून पोलीस कोठडीत ठेवण्यात आले, तेथे पडून तिच्या डोक्यास मार लागला आणि ती दगावली. तिने कोणास त्रास दिला नव्हता.

जर्मनीतील फ्रायबुर्गचा दाखला मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तेथे प्रश्न नेमक्या मुद्द्यावर लढविला गेला. त्या शहराने मद्यालयांची गजबज असलेल्या भागात आठवड्याच्या अखेरच्या रात्री उघड्यावर पिण्यास मनाई केली होती. एका तरुण कायदेपंडिताने तिला आव्हान दिले, आणि जुलै २००९ मध्ये मानहाइमच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रद्द ठरविली. न्यायालयाची विचारसरणी सरळ होती : पिणाऱ्यांपैकी काही हिंसक होतात हे खरे असले तरी पिणारा मनुष्य सामान्यतः हिंसक होतोच असे सिद्ध झालेले नाही, आणि जे सिद्ध झालेले नाही त्या धोक्यापोटी शांत बसलेल्यांचे स्वातंत्र्य हिरावता येत नाही. पुढे २०१७ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने अटी घालून अशा स्थानिक मनाईस कायद्यात जागा करून दिली, हेही सांगितले पाहिजे. तथापि मनाई हवी असेल तर आधी धोका पुराव्याने दाखवा, हा न्यायालयाचा आग्रह मला आपल्याकडे कोठेच दिसत नाही. आपल्याकडे उलट सार्वजनिक स्थळाची व्याख्याच फुगत चालली आहे. संपूर्ण दारूबंदी असलेल्या बिहारात खाजगी मोटारीतून जाणारे काही प्रवासी तपासणी नाक्यावर धरले गेले, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील कायद्याच्या व्याख्येनुसार हमरस्त्यावरची खाजगी मोटारही सार्वजनिक स्थळच होय असा निर्णय दिला.

गोव्याविषयी थोडे. जेथे उन्हाळ्याच्या तोंडावर उर्राक उतरते आणि वाड्यावाड्यावरील तावेर्नात म्हातारे-कोतारे संध्याकाळी गावच्या गोष्टी बोलत बसतात, त्या प्रांताने २०१९ साली समुद्रकिनाऱ्यांवर मद्यपानास बंदी केली. एकट्यास दोन हजार रुपये दंड, टोळक्यास दहा हजार. कारण दिले गेले ते खोटे नव्हते. वाळूत फुटलेल्या बाटल्यांच्या काचांनी पोरांचे आणि रापणकारांचे पाय कापत होते. परंतु त्याच वाळूवर परवानाधारक शॅकच्या खुर्चीत बसून पिणे कायदेशीर राहिले आणि खुर्चीपासून दहा पावलांवर पिणे गुन्हा झाले. पाय कापतो तो काचेने. काचेची बाटली किनाऱ्यावर नेण्यास मनाई करा, रिकाम्या बाटलीस अनामत ठेवा, बाटली फोडणाऱ्यास जबर दंड करा, आणि दर शंभर पावलांवर कचरापेटी ठेवा. यांपैकी प्रत्येक उपायास या पुस्तिकेचा पाठिंबा आहे, आणि यांपैकी कोणत्याही उपायास मद्य ओठांस लावणारा मनुष्य पकडावा लागत नाही.

सर्वांत बिकट आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि तो चौथ्या प्रकरणात मी सर्वांत विस्ताराने विचारात घेतला आहे. कोपऱ्यावर पिणाऱ्यांचे टोळके बसले असले म्हणजे त्या वाटेने जाणाऱ्या मुलीच्या छातीत धडधडते. ती वाट बदलते, क्लास सोडते, रात्रपाळी नाकारते. रस्ता जितका त्या मजुराचा तितकाच तिचाही आहे, किंबहुना आजवर तिला तो फारच कमी मिळाला आहे. ही भीती काल्पनिक आहे असे म्हणणारा मनुष्य माझा सोबती नव्हे. परंतु आजचा कायदा तिच्या भीतीचे काय करतो? टोळक्यातील जो शेरेबाजी करतो त्याच्यावर विनयभंगाची किंवा छेडछाडीची तक्रार नोंदवून घेण्यास टाळाटाळ होते, कारण त्यास साक्ष लागते, पंचनामा लागतो, खटला चालवावा लागतो. त्याऐवजी सर्वांवर सरसकट दारूचे कलम लावले म्हणजे दंडाच्या पावतीत प्रकरण मिटते. शेरेबाज आणि त्याच्या शेजारी मुकाट बसलेला रंगारी यांस सारखाच दंड होतो, आणि शेरेबाज दुसऱ्या दिवशी न पिता त्याच कोपऱ्यावर उभा असतो. तिला हवे आहेत ते दिवे, वर्दळ, रात्री उघडी राहणारी दुकाने, आणि तिची फिर्याद त्याच क्षणी लिहून घेणारा हवालदार. दारूच्या कलमांत शहराचे पोलीस मनुष्यबळ जितके अडकते तितके या कामी कमी पडते.

पाचव्या व शेवटच्या प्रकरणात सुचविलेल्या दुरुस्त्या दिल्या आहेत. कलम ८५ मधील तिसरा प्रकार गाळावा. दुसऱ्या प्रकारात त्रास झालेल्या इसमाची किंवा प्रत्यक्ष उपद्रवाची अट स्पष्ट शब्दांत घालावी. आणि पहिल्या प्रकारातील, म्हणजे स्वतःस सावरू न शकणाऱ्या, मनुष्यास कोठडीऐवजी रुग्णालयात किंवा निवाऱ्याच्या जागी नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकावी. शाळेचे आवार, खेळाच्या बागा, रुग्णालये आणि देवस्थाने यांच्या परिसरापुरते निर्बंध घालण्याचा अधिकार नगरपालिकांस व ग्रामपंचायतींस असावा, मात्र प्रत्येक निर्बंधास जागेची हद्द, वेळ आणि मुदत असावी, व मुदत संपताच तो पुन्हा पुराव्यानिशी मांडावा लागावा. वाहन चालविणाऱ्यांच्या बाबतीत कायद्यात एका अक्षराचीही सूट मी सुचविलेली नाही. दुरुस्त्यांचा मसुदा परिशिष्टात कलमवार दिला असून, विधानसभेच्या किंवा परिषदेच्या कोणाही सभासदास तो अशासकीय विधेयक म्हणून जसाच्या तसा दाखल करता यावा, अशा बेताने त्याची भाषा ठेवली आहे.